विहीणबाईंचं मिटलेलं तोंड

मृणालच्या लग्नात सगळ्यात जास्त फायदा कोणाचा होणार, असं मला कोणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून कुमुदिनीताईंचं नाव घेतलं असतं. नवऱ्या मुलाची आई. त्यांच्या पदरात काय काय पडणार होतं ते बघा. शिकलेली, कमावती, वर पुरणपोळी फाटू न देणारी सून. मुलाच्या लग्नाची लागून राहिलेली काळजी संपणार. आणि नवरा गेलेल्या बाईला कार्यात मागच्या रांगेत बसवायची काही घरांतून अजून रीत असताना, यांच्या मुलाने आम्हाला आधीच बजावलेलं की सगळे मान आईलाच. म्हणजे पाय धुणं त्यांचं, भरजरी साडी त्यांची, चांदीच्या ताटातली पंगत त्यांची. जमेची बाजू अशी भरगच्च आणि खर्चाची कोरी. मी कोपरगावच्या पेठेतला किराण्याचा घाऊक व्यापारी. जन्मभर एकच बघत आलोय, ज्याला मिळत असतं तो माणूस खुशीत असतो. निदान तोंड पाडून बसत नाही.

आणि कुमुदिनीताई तर बसमधून उतरल्या त्याच तोंडाला रुमाल लावून.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. मृणाल ही माझी भाची, धाकट्या बहिणीची, निमाची, एकुलती एक लेक. आमच्या घराण्यात कोणाचंही लग्न असलं की कार्यालयातल्या कोठीच्या किल्ल्या माझ्याकडे येतात. तेल-तूप, साखर, सुकामेवा, पाहुण्यांचे नारळ, सगळं गजामामाच्या ताब्यात. कोठीच्या दारात खुर्ची टाकून बसलं की अख्खं लग्न समोरून जातं. कोण कशासाठी आलंय, कोण कोणाला टाळतंय, कोणाला लाडू घरी न्यायचाय, मला सगळं दिसतं.

त्या दिवशी मुहूर्त गोरज होता, संध्याकाळचा. त्यामुळे एरवी लग्नानंतर होणारी विहिणीची पंगत आम्ही दुपारीच उरकायची ठरवली होती. वराकडची मंडळी शिरूरहून सकाळीच आली. निमा ओवाळायला पुढे झाली आणि रीतीप्रमाणे पेढा विहीणबाईंच्या ओठांशी नेला. त्यांनी मान वळवली. अगदी हळू, पण पन्नास माणसांना दिसेल इतकी. पेढा हातात घेतला, रुमालात गुंडाळला आणि न बोलता आत गेल्या. निमाचा हात तसाच हवेत राहिला.

"वहिनींचं असंच आहे हो," शेजारून आवाज आला. "त्यांना मान लागतो. पण तो मागून घेतलेला चालत नाही."

या हेमलताताई, विहीणबाईंच्या जाऊबाई. गोऱ्या, ठसठशीत, गळ्यात दोन पदरी मोहनमाळ. पुतण्याने हट्ट धरला नसता तर आजचे सगळे मान यांनाच मिळायचे, हे मला कालच कोणीतरी सांगितलं होतं. म्हणजे वहिनींची चुप्पी वाचून दाखवायचं काम त्यांनी का पत्करलं असेल, याचा अंदाज यायला मला वेळ लागला नाही.

आणि वाचून दाखवण्यात बाई हुशार. तासाभरात पहिला निरोप आला. वहिनींना दिलेली खोली रस्त्याकडची आहे, त्यांना वाईट वाटलं. खोली बदलली. मग साडीचा रंग. वहिनी काही म्हणणार नाहीत, पण मोतिया रंग म्हणजे तुम्ही त्यांना वैधव्याची आठवण करून दिल्यासारखं झालं. निमाने स्वतःसाठी घेतलेली जांभळी पैठणी घडी न मोडता पाठवली. मग स्टीलच्या पेल्यांतून चहा का. मग रुखवतातल्या चकल्या-कडबोळ्यांचं ताट विहीणबाईंपुढे धरलं तर त्यांनी नुसतं बघून डोळे फिरवले. निमा महिनाभर तळत बसली होती त्या चकल्या. प्रत्येक निरोपाच्या शेवटी एकच वाक्य, "वहिनी बोलणार नाहीत, पण मला कळतं."

"तुम्हाला बरंच कळतं," मी म्हणालो. त्यांना ते कौतुक वाटलं.

त्यांचे यजमान, भाऊसाहेब, स्वभावाने गमत्या माणूस. विड्यांच्या तबकापाशी मला गाठून म्हणाले, "गजाननराव, तुम्ही म्हणे या वयात अख्खी सुपारी दातांनी फोडता?" मागे उभी असलेली आमची पोरंसोरं लगेच साक्ष द्यायला सरसावली. गजामामांचे दात हा आमच्या घराण्याचा दागिना आहे. कोणत्याही लग्नात पंगती उठल्या की माझ्याभोवती कोंडाळं होतं, मी सुपारी तोंडात टाकतो, कटकन आवाज येतो आणि लोक टाळ्या वाजवतात. मी भाऊसाहेबांना सांगितलं, पंगत होऊ द्या, आत्ता फोडली तर तुमची मंडळी आवाजाने दचकतील. ते हसले. मी तबक उचलून कोठीत ठेवलं.

साधारण दहाच्या सुमाराला मृणालने मला आत बोलावून घेतलं. हळद नुकतीच लागलेली, कपाळाला मुंडावळ्या, आणि डोळे मात्र कोरडे ठणठणीत. रडत असती तर मला बरं वाटलं असतं.

तिने सगळं शांतपणे मांडलं. कुमुदिनीताईंना ती याआधी दोनदा भेटली होती. दोन्ही वेळा त्या पदर तोंडाशी धरून बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, तिने केलेले बेसनाचे लाडू उचललेसुद्धा नाहीत. हृषीकेश म्हणत राहिला, आई अशीच आहे. पण आज आईबाबांची जी धावपळ चाललीय ती तिला बघवत नव्हती.

"मामा, तू माणसं ओळखतोस ना? मग मला एवढंच सांग. त्यांना मी नको आहे का?"

मी म्हणालो, अजून कळलं नाही.

"मग संध्याकाळच्या आत कळव. त्यांनी एकदा त्यांच्या तोंडाने म्हणू दे की हो, ये. नाही म्हणाल्या तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. जन्मभर कोणाच्या मिटलेल्या तोंडापुढे ताट घेऊन उभं राहायचं मला जमणार नाही. आणि आईलाही मी ते करू देणार नाही."

मृणाल लहानपणापासून जे बोलते ते करते. सहावीत असताना शाळेच्या नाटकातून ऐन वेळी निघून आली होती, तिच्या मैत्रिणीला काढलं म्हणून. मी बाहेर आलो. अशा वेळी मला भीती वाटते आणि अंगात वारंही शिरतं, दोन्ही एकदम. दुकानात ऐन दिवाळीत वाटतं तसं.

पहिल्यांदा हृषीकेशला धरलं. सरळ मुलगा. कार्यालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसून त्याने सगळं सांगितलं. वडील चार वर्षं अंथरुणाला खिळून होते. आई शाळेत शिक्षिका. नोकरी आणि आजारपण, दोन्ही तिने एकटीने ओढलं. वडील गेले आणि मग हळूहळू आई विझतच गेली. निवृत्ती घेतली. भजनी मंडळ सोडलं. मैत्रिणींकडे जाणं सोडलं. फोटोत येईना. मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या चालू आहेत, झोप लागते एवढंच.

"मामा, तुम्ही तिला आधी बघायला हवं होतं. आई हसली की दोन वर्ग पलीकडे ऐकू जायचं. हेडमास्तर निरोप पाठवायचे, बाई, जरा हळू."

"आणि जेवण?"

"जेवण काय, नावाला. सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघराचं दार लावून एकटी बसते. सगळं एकत्र कालवते, वरण-भात, पोळी, भाजी, अगदी लगदा. आधी अशी नव्हती. सुतकातलं माणूस जेवतं तसं वाटतं बघून."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि घाईघाईने कोठीत आलो. लगदा, दार लावून. एवढे दोन शब्द घेऊन मी खुर्चीत बसलो आणि मला काय वाटलं ते मी कोणालाच सांगितलं नाही. खात्री झाल्याशिवाय मी गुळाची ढेपसुद्धा घेत नाही. आधी टोचून बघतो.

तेव्हा टोचायला सुरुवात केली. वराकडच्या खोलीत गारेगार पन्हं पाठवलं. आमची शालन, म्हणजे माझी बायको, ते घेऊन गेली आणि मी सांगितलं होतं तसं बघून आली. विहीणबाईंनी पेला हातात धरून ठेवला, घोट घेतला तो पार कोमट झाल्यावर. मग कुरकुरीत चिवडा. तसाच परत. मग वेलदोड्याचा चहा. प्यायल्या, पण मान एका बाजूला कलती करून. शेवटी मी केळी पाठवली, आणि शालनला म्हटलं, ठेव आणि बाहेर ये, दार ओढून घे.

पाव तासाने ताट परत आलं. त्यात सालं होती.

मी खुर्चीतल्या खुर्चीत उडालोच. रागावलेली विहीण केळी खात नाही. रागाला चकली-चिवडा चालत नाही हे समजू शकतो, पण त्याच रागाला बंद दाराआड केळी चालतात, असा राग मी आजवर पाहिलेला नाही. त्या बाईचं आमच्यापैकी कोणाशीही वाकडं नव्हतं. साडीशी नव्हतं, खोलीशी नव्हतं, पोरीशी तर नव्हतंच.

शालनने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला सांगायला लागत नाही. "अहो, म्हणजे तुमच्यासारखंच?" ती पुटपुटली. मी तिला गप्प केलं.

आता कळलं तर होतं, पण त्या कळण्याचं करायचं काय? निमाला सांगावं तर निमाच्या तोंडात तीळ भिजत नाही, पंगतीआधी अख्ख्या मांडवाला कळलं असतं. मृणालला सांगावं तर तिला ऐकायचं होतं ते विहीणबाईंच्या तोंडून, माझ्या नव्हे. आणि मुख्य म्हणजे ती गोष्ट माझी नव्हती. दुसऱ्याने झाकून ठेवलेला माल मी माझ्या दुकानात मांडत नाही. इतकी वर्षं जी बाई एवढ्या निकराने तोंड मिटून बसली, तिचं तोंड तिच्या मुलाच्या लग्नात मी उघडायचं? छे.

म्हणून मी आधी स्वस्तातला उपाय करून पाहिला. विहिणीच्या पंगतीत एक रीत असते. मुलीची आई विहिणीला आपल्या हाताने पहिला घास भरवते, बायका गाणं म्हणतात, सगळे टकामका बघत असतात. तेवढं वगळलं की काम भागलं. मी हेमलताताईंना म्हटलं, उशीर होतोय, घास भरवायचं तेवढं राहू द्या, ताईंचं ताट खोलीतच पाठवतो.

त्यांनी मोहनमाळ सारखी केली. "म्हणजे मानच गाळायचा म्हणता? वहिनींना काय वाटेल? नाही हो, ते चारचौघांतच झालं पाहिजे."

स्वस्तातला उपाय तिथेच संपला.

साडेबाराला पंगत बसली. तुम्ही विहिणीची पंगत बघितली नसेल तर तुमचं नुकसान आहे. पाटाभोवती महिरप काढलेली रांगोळी, समया, उदबत्त्यांचा वास, चांदीचं ताट, त्याभोवती चांदीच्या वाट्यांचं कोंदण. वाढपी मुद्दाम धोतर नेसलेले. एका बाजूला आमच्या बायकांचा घोळका गाणं म्हणायला उभा, दुसऱ्या बाजूला शिरूरची मंडळी. मधोमध कुमुदिनीताई, जांभळ्या पैठणीत. फार देखणी बाई. हातातला रुमाल बोटांनी पिळत होत्या. मी वाढपावर देखरेख करायच्या निमित्ताने समोरच उभा होतो आणि मला त्यांच्या डोळ्यांत काय आहे ते लख्ख दिसत होतं. गोठ्यात कोंडलेल्या जनावराचे डोळे असतात तसे होते ते. इतका वेळ आम्ही सगळे त्यालाच राग म्हणत होतो.

गाणं सुरू झालं. निमाने पाटाजवळ गुडघे टेकले, जिलबीचा तुकडा मोडला आणि त्यांच्या ओठांशी नेला.

ओठ मिटलेले राहिले.

निमा हसायचा प्रयत्न करत म्हणाली, घ्या ना ताई, एवढासाच आहे. ओठ आणखी घट्ट झाले. रुमाल वर आला. गाणाऱ्या बायकांपैकी एक थांबली, मग दुसरी, मग सगळ्याच. निमाच्या बोटांवरून पाक खाली गळत होता आणि तिला तो पुसायचंही भान नव्हतं.

"राहू दे," हेमलताताईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा टाकला. "साडीचं झालं, खोलीचं झालं. पण मन दुखलं ते दुखलंच. आता मुलीच्या वडिलांनीच चारचौघांत एकदा हात जोडले तर कदाचित..."

आमचे अरविंदराव, निमाचे यजमान, म्हणजे देवमाणूस. जन्मात कोणाला दुखावलेलं नाही. ते ताबडतोब पुढे आले आणि त्यांनी खरोखर हात जोडले. कशाबद्दल, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"बाबा, हात खाली घ्या."

दारात मृणाल उभी होती. मुंडावळ्या तिने एका हाताने धरल्या होत्या, ओढून काढायच्या बेताने.

त्या क्षणी माझ्या मनात काय हिशेब झाला ते मला अजून आठवतं. एका बाजूला पोरीचं लग्न, बहिणीची अब्रू, आणि समोर बसलेली ती बाई. दुसऱ्या बाजूला माझ्याजवळची एकच वस्तू. दुसऱ्याचं मी मांडू शकत नव्हतो. माझं स्वतःचं मात्र मांडू शकत होतो.

मी पुढे निघालो तशी शालनने मागून बाही धरली. "अहो, नको." मी बाही सोडवून घेतली. पंगतीत जाऊन विहीणबाईंच्या समोर, निमाच्या शेजारी मांडी ठोकली. ताटाजवळची पाण्याची चांदीची वाटी अलगद पुढे ओढली. मग अंगठा टाळूशी नेला, खालीवर एक झटका दिला, आणि माझी वरची कवळी काढून त्या वाटीत सोडली.

टपकन आवाज झाला. वाटीत माझे दात हसत पडले होते आणि माझा वरचा ओठ आत गेला होता. मला तो दिसत नव्हता, पण शंभर चेहऱ्यांवर मला तो दिसला.

दात नसले की शब्दांतून नुसती हवा जाते. तरी मी बोललो.

"विहीणबाई, ही माझी. सहा वर्षं झाली. नाशिकला जाऊन करून घेतली, कोपरगावात कळू नये म्हणून. सुपारी मी आधीच अडकित्त्याने फोडून गालात धरून ठेवतो, कटकन आवाज काढतो तो जिभेने, हे बायको सोडून माझ्या घरच्यांनाही आत्ताच कळतंय. कवळी यायच्या आधी वर्षभर मी दुकानात भिंतीकडे तोंड करून बसायचो. गिऱ्हाइकाला वाटायचं मला गर्व झालाय. बायकोला वाटायचं माझं डोकं फिरलंय. थोडं फिरलंही होतं. मला वाटायचं, बाजारातला जो तो हसतोय तो मलाच." मी दम घेतला. "तुमचं काय आहे ते मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही. माझ्यापुरतं सांगतो, मी जिलबी दुधात कुस्करून खातो. फार छान लागते."

भाऊसाहेबांचा हात मिशीवर गेलेला तिथेच राहिला होता.

मग विहीणबाईंचे खांदे हलले. मला आधी वाटलं रडतायत. रुमालामागून एक बारीक आवाज आला, दाबलेला, मग सुटला, मग रुमाल मांडीवर पडला आणि कुमुदिनीताई हसल्या. समोरचे दात नव्हतेच, बाजूचे दोन-तीन तिरपे राहिले होते, आणि त्या सगळ्यातून असं हसू आलं की कार्यालयाच्या बाहेर चपला सांभाळणारा माणूस आत डोकावला. दोन वर्ग पलीकडे काय, पोराने कमीच सांगितलं होतं. हृषीकेश खांबाला टेकून उभा होता, त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आईचं ते हसू त्याने किती दिवसांनी ऐकलं होतं कोण जाणे.

"गजाननराव," त्या म्हणाल्या. शिक्षिकेचा खणखणीत आवाज, कडेने थोडी हवा गळणारा. "माझ्या वर्गात हे केलं असतंत तर मी तुम्हाला बाकावर उभं केलं असतं."

"मी उभा राहतो," मी म्हणालो, "पण आधी तुम्ही घास घ्या."

निमाने घाईघाईने दूध मागवलं, जिलबी कुस्करली, चमच्याने भरवली. विहीणबाईंनी चारचौघांत तोंड उघडलं आणि घास घेतला. आमच्या बायकांना गाणं कुठपर्यंत आलं होतं ते आठवेना, म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.

त्या गलक्यात मृणाल त्यांच्या शेजारी येऊन बसली होती. पुढचं त्या तिलाच सांगत होत्या, आम्ही नुसते ऐकत होतो. नवऱ्याच्या आजारपणात हिरड्यांतून रक्त यायचं, म्हटलं नंतर बघू. मग एक दात हलला, मग दुसरा. ते गेल्यावर स्वतःकडे बघावंसंच वाटेना. नंतर जायचं म्हटलं तर गावातला दातांचा डॉक्टर म्हणजे त्यांचाच विद्यार्थी. दर सोमवारी त्या वर्गातल्या मुलांचे दात तपासायच्या आणि घासले नसतील त्याला उभं करायच्या. तोही एकदा उभा राहिला होता.

"त्याच्यासमोर मी कोणत्या तोंडाने आ करू? म्हणून मग कोणाहीसमोर केला नाही. बोलणं गेलं, जेवण गेलं, भजन गेलं. घरात बसून बसून वाटायला लागलं की आपण संपलोच. सगळे म्हणाले, नवऱ्याच्या दुःखाने झालंय. ते दुःख खोटं नव्हतं गं. पण त्याच्यावर हे आणखी चढलं, आणि हे कोणाला सांगायचं? गोळ्यांनी झोप लागायची. पण तोंडाला कोरड पडायची, आणि उरलेसुरले दातही हलायला लागले." त्यांनी मृणालचा हात हातात घेतला. "तू दोनदा आलीस. लाडू इतके खमंग दिसत होते. तू गेल्यावर मी एक दुधात भिजवून खाल्ला. मला तू पहिल्या दिवसापासून हवी आहेस. येशील ना?"

मृणालने मुंडावळ्या सरळ केल्या. "येते," ती म्हणाली. आणि मग ती रडली, सकाळपासून राहिलेलं सगळं.

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. कुमुदिनीताईंनी मंगलाष्टकातलं एक कडवं स्वतः म्हटलं, काही अक्षरं वाऱ्यावर गेली, पण सूर एक इंचही हलला नाही. फोटोग्राफर त्यांना हसा म्हणाला तेव्हा त्या हसल्या. तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात अजून आहे.

आता कोणाच्या वाट्याला काय आलं ते सांगून टाकतो. मृणालला तिला हवी तशी सासू मिळाली, आणि लग्नानंतर पंधरवड्यात तीच सासूला घेऊन त्या विद्यार्थ्याकडे गेली. बाईंना दारात बघून तो खुर्चीतून ताडकन उठून उभा राहिला आणि त्या म्हणाल्या, बस रे, आज माझी पाळी आहे. राहिलेले दात काढले, हिरड्या बऱ्या व्हायला काही महिने गेले, मग कवळी बसली. भजनी मंडळ पुन्हा सुरू झालं. मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू उतरवल्या, एक अजून चालू आहे, त्याचं त्यांना काही वाटत नाही आणि त्या ते लपवतही नाहीत. हृषीकेशला त्याची आई परत मिळाली. निमाच्या चकल्या शेवटी शिरूरच्या मंडळींनी बसमध्ये संपवल्या. हेमलताताईंचं नुकसान म्हणाल तर एवढंच झालं की वहिनी आता स्वतःच बोलतात आणि बऱ्याच बोलतात.

सगळ्यांना मिळालं ते असं. खर्च तेवढा एकट्या माझ्या नावावर पडला. घराण्याचा दागिना गेला. त्या दिवसापासून एकाही लग्नात मला कोणी सुपारी फोडून दाखवा म्हटलेलं नाही. उलट कुठल्याही पंगतीत बसलो की माझ्या पानाशेजारी कोणीतरी गुपचूप पाण्याची एक जास्तीची वाटी ठेवून जातं आणि सगळी पंगत माझ्याकडे बघत बसते. वाटी कोण ठेवतं ते मला पहिल्यापासून माहीत आहे. त्यांची कवळी माझ्यापेक्षा चांगली बसली आहे, आणि वाटी ठेवून त्या वळल्या की त्यांचं हसू दोन खोल्या पलीकडे ऐकू येतं.